डच शेतावरचा मुक्काम : मोटरहोम घेऊन लहान ग्रामीण कॅम्पिंगवर कसे राहावे

नेदरलँड्समध्ये मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्याला रात्रीच्या मुक्कामासाठी साधारण तीन प्रकारच्या जागा मिळतात. पोहण्याचा तलाव, उपाहारगृह आणि मुलांसाठी करमणुकीचे कार्यक्रम असलेली मोठी कॅम्पिंग हा पहिला प्रकार. गावाजवळ किंवा बंदरालगत केवळ मोटरहोमसाठी आखून दिलेल्या, बहुधा फरसबंद जागा हा दुसरा. त्यांना तिथे 'कॅम्परप्लाट्स' म्हणतात. तिसरा प्रकार 'मिनीकॅम्पिंग' किंवा 'बूरनकॅम्पिंग' यांचा. डच भाषेत 'बूर' म्हणजे शेतकरी. त्यामुळे नावातच सगळे आले. गोठा, मुरघासाचे ढीग, ट्रॅक्टर आणि शेतकऱ्याचे राहते घर यांना लागून असलेल्या गवताळ तुकड्यावर झाडांच्या रांगांमध्ये आखलेल्या मोजक्या जागा, एक स्वच्छतागृह, भांडी घासायची एक मोरी आणि वीजजोडण्यांचे खांब, एवढाच तिचा संसार असतो. रस्त्याकडेला किंवा वाहनतळावर गाडीतच रात्र काढण्यास बहुतेक नगरपालिकांच्या नियमांनुसार बंदी आहे, त्यामुळे या तिन्हींपैकी एक निवडावेच लागते. कुटुंबासह चार-सहा दिवस निवांत राहायचे असेल तर मी तिसरा प्रकार सुचवीन, मात्र एका अटीवर : आपण हॉटेलात नव्हे, चालत्या शेतावर राहत आहोत हे ध्यानात ठेवून गाडीची आणि दिवसाची आखणी करायला हवी.

या कॅम्पिंग लहान राहण्यामागे कायद्याचा इतिहास आहे. पूर्वी खुल्या जागेतील पर्यटनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा होता आणि शेतावर किती तंबू-गाड्या उभ्या राहाव्यात यावर त्याची मर्यादा असे. तो कायदा १ जानेवारी २००८ रोजी रद्द झाला आणि हा अधिकार नगरपालिकांकडे गेला. आज बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा १५ किंवा २५ जागांची असते आणि पुष्कळ कॅम्पिंग १५ मार्च ते ३१ ऑक्टोबर एवढ्याच काळात उघड्या असतात. हिवाळ्यात जायचे असल्यास वर्षभर चालणारी जागा मुद्दाम शोधावी लागते, आणि तीही शक्यतो पक्क्या पायाची.

प्रदेश आधी, कॅम्पिंग नंतर

देश लहान असला तरी जमीन सर्वत्र सारखी नाही, आणि मोटरहोमवाल्याने नकाशा पाहताना प्रेक्षणीय स्थळांइतकाच मातीचाही विचार करावा. समुद्राकाठचा झेलंड, समुद्र हटवून काढलेला फ्लेवोलंड आणि ग्रोनिंगेनचा उत्तर भाग येथे चिकणमाती आहे. दोन दिवस पाऊस झाला की ती आपल्याकडच्या काळ्या रानासारखी चाकाला धरते. ड्रेंथे, फेलुवे आणि ब्राबांटचा मोठा भाग वालुकामय असल्याने पाणी लवकर मुरते. एप्रिल किंवा ऑक्टोबरात, पावसाची खात्री नसताना, पहिल्यांदा जाणाऱ्याने वालुकामय प्रदेश निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

झेलंडमधील वालखेरन भागात, वेरे आणि डोम्बुर्खच्या आसपास, अशा कॅम्पिंगची दाटी आहे आणि सायकलने समुद्रकिनारा गाठता येतो. म्हणूनच उन्हाळ्यात तेथे जर्मन पाहुण्यांचीही गर्दी असते. ड्रेंथेमध्ये 'हुनेबेड' नावाची प्रागैतिहासिक महापाषाण थडगी आहेत. देशातील ५४ थडग्यांपैकी ५२ याच प्रांतात असून सर्वांत मोठे बोर्खर गावाजवळ आहे. ट्युलिपची शेते पाहायची तर बहुतेक जण आम्स्टरडॅमच्या नैर्ऋत्येला धावतात, पण एप्रिलच्या उत्तरार्धात नोर्डओस्टपोल्डरमधील शेतकऱ्याकडे उतरणे कितीतरी निवांत ठरते. हा पोल्डर, म्हणजे समुद्र अडवून काढलेली जमीन, १९४२ मध्ये कोरडा झाला. त्याच्या मधोमध असलेले स्खोकलंड हे एके काळचे बेट १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि आज त्याच्या चहूबाजूंना समुद्राऐवजी बटाट्याची आणि कांद्याची शेते दिसतात. समुद्र अडवून शेती करणे कोकण-गोव्याच्या वाचकाला नवे नाही. खाजणाचा बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस ज्याने पाहिली आहे, त्याला पोल्डरचा हिशेब चटकन कळतो. चढउतार हवे असतील तर दक्षिण लिम्बुर्ख गाठावे. तेथील फाल्सरबर्ख हे युरोपीय भूमीवरील नेदरलँड्सचे सर्वोच्च ठिकाण असून त्याची उंची ३२२ मीटर आहे. आपल्या सह्याद्रीच्या मापाने ती टेकडीच म्हणावी, पण कॅम्पिंगवरचे उतार तेथे खरे असतात आणि गाडी समतल करायला वेळ लागतो.

परवाना, गाडी आणि वजन

आम्स्टेलफेन किंवा आयंडहोवनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट आधी तपासावी. भारतीय वाहन परवाना तेथे रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून १८५ दिवसांपर्यंतच चालतो. त्यानंतर डच परवाना लागतो. ज्यांना कुशल परदेशी कर्मचाऱ्यांची '३० टक्के' करसवलत मिळते, त्यांना परीक्षा न देता नगरपालिकेत परवाना बदलून घेता येतो. इतरांना परीक्षा द्यावी लागते. भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्यांनी मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणावा, कारण गाडी भाड्याने देणारे तो बहुधा मागतात. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे जोडावे लागतात, म्हणून शेतकऱ्याकडून तारखा, पत्ता आणि माणसांची संख्या लिहिलेला ईमेल मागून घ्यावा. फोनवरचा होकार वकिलातीला दाखवता येत नाही.

साध्या चारचाकीच्या परवान्यावर ३,५०० किलो कमाल वजनापर्यंतची गाडी चालवता येते. हे वजन पाणी, गॅस, सायकली आणि माणसांसह मोजतात. १०० लिटरची टाकी पूर्ण भरली की १०० किलो तेथेच गेले. नेदरलँड्समध्ये नळाचे पाणी सर्वत्र पिण्यायोग्य असते, त्यामुळे प्रवासात टाकी पाव-अर्धी ठेवून मुक्कामी भरणे शहाणपणाचे. महामार्गावर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मार्च २०२० पासून लागू आहे. जुनी डिझेल गाडी असल्यास काही शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत प्रवेश नसतो, पण शेतांवर राहणाऱ्याला शहरात गाडी नेण्याची गरजही सहसा पडत नाही.

जागा शोधणे आणि ठरवणे

मिनीकॅम्पिंग शोधण्यासाठी तीन-चार वाटा आहेत. 'स्टिख्टिंग फ्राये रेक्रेआत्सी', अर्थात एसव्हीआर, ही संस्था शेतांवरील कॅम्पिंगना एकत्र बांधते. तिला वार्षिक देणगी देणाऱ्यांना तिच्या जागांची माहिती आणि तेथे राहण्याचा हक्क मिळतो. 'फेकाबो' ही कॅम्पिंग चालवणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना आहे. अधिक निसर्गसान्निध्य हवे असेल तर 'नाटूरकाम्पेअरटेरायनन' या गटाच्या शांत जागा आहेत, मात्र त्यांच्यासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते आणि मोटरहोमला तेथे जागा आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते. मोटरहोमवाल्यांच्या एनकेसी या डच क्लबचे 'कॅम्परकॉन्टॅक्ट' हे ॲप आणि 'एसीएसआय'ची यादी ही दोन्ही साधने उपयोगी आहेत. पण अगदी लहान शेतकरी पुष्कळदा त्यांत नसतात आणि रस्त्याच्या वळणावरील हिरव्या पाटीवरूनच सापडतात.

मे-जूनमधील दोन सप्ताहान्तांना आरक्षणाशिवाय निघू नये : येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, म्हणजे 'हेमेलफार्ट', आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा 'पिंक्स्टरन' हा ख्रिस्ती सण. हेमेलफार्ट गुरुवारी येत असल्याने अर्धा देश शुक्रवारची सुट्टी जोडून तंबू घेऊन बाहेर पडतो. २७ एप्रिलच्या राजदिनाभोवतीचा आठवडा आणि उन्हाळ्याच्या शाळांच्या सुट्ट्या यांनाही हेच लागू. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची असते आणि उत्तर, मध्य व दक्षिण अशा तीन विभागांत ती वेगवेगळ्या तारखांना सुरू होते. इतर वेळी आदल्या दिवशी फोन केला तरी जागा मिळते.

फोन करताना पाच गोष्टी विचाराव्यात : गाडी इतके मीटर लांब आणि इतकी जड आहे, उभी राहील का, जागा गवताची आहे की खडी किंवा जाळीदार ठोकळ्यांची, वीज किती अँपिअरची आहे, सांडपाणी आणि शौचालयाची कॅसेट (मैला साठवणारी काढती टाकी) रिकामी करण्याची सोय काय आहे, आणि पैसे कसे घेता. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तोच पाहुण्याला अडवतो. लहान शेतकरी क्रेडिट कार्ड बहुधा घेत नाहीत. ते रोख घेतात किंवा 'टिकी' नावाचा पैसे मागणारा दुवा पाठवतात, आणि तो भरायला डच बँकखाते लागते. म्हणून भारतातून येणाऱ्याने प्रत्येक मुक्कामापुरते रोख युरो जवळ ठेवावेत. दोन माणसे आणि गाडी यांचा एका रात्रीचा दर साधारण १५ ते ३० युरोंदरम्यान असतो; वीज, पर्यटन कर आणि कधीकधी स्नानगृहाची नाणी यांचे पैसे वेगळे पडतात. सांगितलेल्या दरात काय धरले आहे हे फोनवरच विचारले की निघताना अवघडलेपण येत नाही.

शेवटचे दोन किलोमीटर

महामार्गाने येताना काही अडत नाही. अडचण शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये असते. पोल्डरमधील शेतरस्ते जेमतेम एका गाडीच्या रुंदीचे असतात, कडेचे गवत मऊ असते आणि त्यापलीकडे लगेच पाण्याने भरलेला चर असतो. समोरून ट्रॅक्टर आला तर घाईने कडेला उतरू नये. शेताच्या फाटकासमोरची रुंद जागा मागे राहिली असेल तर तिथपर्यंत मागे जाऊन थांबावे. ट्रॅक्टरवाला हात वर करून जातो, आणि आपणही करावा. बांधावरून जाणाऱ्या रस्त्यांवर वारा आडवा लागतो. जीपीएसमध्ये गाडीची उंची आणि लांबी आधीच भरून ठेवावी, नाहीतर ते सायकलींसाठीच्या पुलावर नेऊन उभे करते.

दुपारी दोन ते संध्याकाळी पाच ही पोहोचण्याची उत्तम वेळ. संध्याकाळचे दूध काढणे सुरू झाले की शेतकरी गोठ्यात असतो आणि दारावरच्या पाटीवर 'जागा निवडा, मी नंतर येतो' अशा अर्थाचा मजकूर असतो. असा मजकूर असला तरी गाडी गवतावर चढवण्यापूर्वी खाली उतरून जमीन पायाने दाबून पाहावी. टाचेचा ठसा उमटून त्यात पाणी जमत असेल तर चाकाचे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

आम्ही हे शिकलो ते फ्लेवोलंडमधील एका शेतावर. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी गाडी हलवताना पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. फियाट दुकातोच्या सांगाड्यावर बांधलेल्या बहुतेक मोटरहोम पुढच्या चाकांवर चालतात आणि वजन मात्र मागे असते, त्यामुळे ओल्या गवतावर पकड लवकर सुटते. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि गाडी तळापर्यंत रुतवून बसलो. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, पट्टा कुठे अडकवायचा ते त्याने मलाच विचारले, आणि मला ते ठाऊक नव्हते.

त्यानंतर ठरवलेली पद्धत अशी आहे. गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी करावी, म्हणजे निघताना वळणे नको. पुढची चाके शक्यतो खडीवर किंवा सर्वांत उंच भागावर येतील अशी बेतावीत. पाऊस येणार असेल तर चाकांखाली प्लॅस्टिकच्या जाळीदार पट्ट्या आधीच घालून ठेवाव्यात, कारण रुतल्यावर त्या चाकाखाली जात नाहीत. गाडी ओढण्याचे कडे आणि ते बसवण्याची जागा पहिल्या दिवशीच शोधून ठेवावी. चाके फिरू लागली तर तत्क्षणी थांबावे आणि शेतकऱ्याला बोलवावे. त्याला त्यात काही नवल वाटत नाही, उखडलेल्या गवताचे मात्र वाईट वाटते. समतल करण्यासाठी चढत्या पाचरी वापराव्यात आणि गवंड्याची छोटी पाणसळ टेबलावर ठेवून पाहावे. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर त्याला समतल जागा लागते, आणि तिरक्या गाडीत झोपही लागत नाही.

गाडीच्या कडेचे गुंडाळते छत वारा पडलेला असतानाच उघडावे आणि रात्री न चुकता मिटावे. किनारपट्टीवर आणि पोल्डरमध्ये वाऱ्याला अडवायला काही नसते, आणि एका झोतात ते गाडीच्या टपावर उलटते.

वीज आणि स्वयंपाक

शहरी सवयीच्या माणसाला येथेच सर्वाधिक जुळवून घ्यावे लागते. शेतावरची वीज २३० व्होल्टची असते, पण ती बहुधा ६ अँपिअरवर बांधलेली असते, काही जुन्या जागी ४ अँपिअरवरच. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉट, ४ म्हणजे ९२० वॉट, १० म्हणजे २,३०० वॉट. घरची विजेची किटली साधारण २,००० वॉट घेते आणि इंडक्शन शेगडीही तितकेच. म्हणजे चहा ठेवताक्षणी फ्यूज उडणार. फ्यूजची पेटी कधी खांबावर असते, कधी शेतकऱ्याच्या कुलूपबंद कोठारात. दुसऱ्या प्रकारात तो शेतातून परत येईपर्यंत आपण आणि त्या खांबावर जोडलेले शेजारी अंधारात बसतो. म्हणून ९०० वॉटच्या आतील किटली घ्यावी, लहान राइस कुकर चालतो, आणि बाकी स्वयंपाक गॅसवर करावा. जोडणीसाठी निळ्या रंगाचा तीन टोकांचा सीईई प्लग लागतो आणि २५ मीटरची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर असावी. रिळावरची वायर पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेल्या वायरीवर भार पडला की ती तापून वितळू शकते.

प्रेशर कुकर जरूर न्यावा, पण त्याची शिट्टी हा वेगळा विषय आहे. रात्री दहा-साडेदहानंतर ते सकाळी सात-आठपर्यंत शांतता पाळायची असते, आणि सकाळी पावणेसातला डाळीच्या तीन शिट्ट्या पंधरा तंबूंना जागे करतात. डाळ आणि कडधान्ये संध्याकाळीच शिजवून ठेवावीत. फोडणी शक्यतो गाडीबाहेर, लहान गॅस शेगडीवर द्यावी. हिंग-मोहरीचा वास भाड्याच्या गाडीच्या गाद्यांत बसला की तो साफसफाईच्या बिलात दिसतो. शेजारी कुतूहलाने चौकशी करतात आणि वाटीभर आमटी पुढे केली तर नाही म्हणत नाहीत. उघड्यावर लाकडे पेटवणे बहुतेक ठिकाणी मना असते.

किराणा शहरातून भरून घ्यावा. सुरिनामी आणि इंडोनेशियन मालाची 'टोको' नावाची दुकाने मोठ्या गावांत असतात. तेथे तूरडाळ, मसाले, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ताही मिळू शकतो. ताजे मात्र शेतावरच घ्यावे. रस्त्याकडेला अंडी, बटाटे, भोपळे, स्ट्रॉबेरी मांडलेली छोटी टपरी असते, शेजारी पैशांची पेटी असते आणि विकणारा कुणीच नसतो. पाटीवरचा दर वाचून सुटे पैसे टाकायचे. काही शेतांवर दुधाचे यंत्र असते. ते दूध कच्चे असते आणि वापरापूर्वी उकळा अशी सूचना त्यावर लावलेली असते. डच शेजाऱ्यांना ती सूचना जाचक वाटते. आपण दूध उकळल्याशिवाय घेतच नाही, आणि वर बोटभर साय येते ती निराळीच.

पाणी, कॅसेट आणि सांडपाणी

मोठ्या कॅम्पिंगवर गाडी वर उभी करून सांडपाणी सोडण्याची जाळी असते. मिनीकॅम्पिंगवर ती बहुधा नसते. दहा-पंधरा लिटरच्या कॅनमध्ये सांडपाणी काढून नेमलेल्या ठिकाणी नेऊन ओतावे लागते, त्यामुळे भांडी सामायिक मोरीवर घासणे आणि आंघोळ स्वच्छतागृहात करणे सोपे पडते. सांडपाणी चरात कधीही सोडू नये; ते पाणी पुढे गुरांपर्यंत जाते. शौचालयाची कॅसेट केवळ 'केमिस टॉयलेट' अशी पाटी असलेल्या जागी रिकामी करावी. काही शेतांचे मैलापाणी जिवाणूंवर चालणाऱ्या टाकीत जाते आणि निळे रसायन ते जिवाणू मारते, म्हणून आधी विचारून हिरवे, जैवविघटनशील द्रव वापरावे. शौचकूपात पाण्याची तोटी नसते. आपला तांब्या किंवा बाटली घेऊन जावी आणि जमीन कोरडी करून बाहेर पडावे, कारण ती जागा शेतकऱ्याच्या घरचीच माणसे पुसतात.

मुले, जनावरे आणि पाणी

शेळ्या, ससे, पायडलची गाडी आणि वाळूचा ढीग यांत मुलांचा दिवस जातो. एक धोका मात्र प्रत्येक आईवडिलांनी पहिल्या दिवशी त्यांना हाताला धरून दाखवावा. उन्हाळ्यात चरांवर बारीक हिरव्या पानांचा सलग थर पसरतो आणि दुरून ते कापलेले गवत वाटते. लहान मूल त्यावर धावत जाते आणि थेट पाण्यात पडते. चर उथळ दिसला तरी तळाला गाळ असतो.

विजेच्या तारेचे कुंपण, मुरघासाचे ढीग, ट्रॅक्टर आणि स्लरीचा खड्डा यांच्या जवळ न विचारता जाऊ नये. वसंतात शेणाची स्लरी जमिनीत सोडतात आणि एक-दोन दिवस वास राहतो, मे महिन्यात गवत कापले जाते, सप्टेंबर-ऑक्टोबरात मक्याची कापणी रात्रीही दिव्यांच्या उजेडात चालते. याची तक्रार करणारा पाहुणा शेतकऱ्याला कळत नाही. ओकच्या झाडांखाली गाडी लावताना मे ते जुलैत ओकवरील मिरवणूक-सुरवंटांची चौकशी करावी. त्यांच्या सूक्ष्म केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. उंच गवतातून आल्यावर गोचिडीसाठी पाय तपासावेत.

दररोज गाडी हलवू नये. तीन रात्री एका ठिकाणी राहून सायकलने फिरावे, हा सल्ला मी सर्वांना देतो. संपूर्ण देशात सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक दिलेले आहेत. 'क्नोपपुंट' म्हणतात त्यांना. सकाळी कागदावर पाच-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि पाट्यांवरील तेच आकडे पाहत जायचे, फोनचीही गरज पडत नाही. भाड्याच्या सायकली बहुधा जवळच्या गावात मिळतात.

निघण्याची सकाळ

जागा सहसा अकरा-बाराच्या आत सोडायची असते. पाण्याची टाकी आवश्यक तेवढीच भरावी, कॅसेट आणि सांडपाणी रिकामे करावे, गॅसची बाटली बंद करावी, टपावरची झडप आणि पायरी मिटली का ते पाहावे. मग एकाने बाहेर राहून गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी. वायर खांबाला जोडलेली ठेवून निघालेली गाडी प्रत्येक हंगामात एखादी तरी दिसतेच. पाचरी काढून धुवाव्यात. चाकांनी गवतात खाच पडली असेल तर ती झाकू नये, शेतकऱ्याला दाखवावी; तो पायाने दाबून 'वाळले की लाटून घेईन' म्हणतो. उरलेली स्नानगृहाची नाणी परत करावीत, आणि अंड्यांचे रिकामे कागदी खोके टपरीवर नेऊन ठेवावेत, कारण उद्याची अंडी त्यांतच भरायची असतात.